डावीकडचा नीलकंठ

दसऱ्याच्या दिवशी नीलकंठ पाहावा, ही रीत आमच्या घरात माझ्या पत्नीच्या पावलांबरोबर आली. माझ्या वडिलांकडे त्या दिवशी पोथ्यांचे आणि लेखणीचे पूजन होई, सायंकाळी आपट्याची पाने वाटली जात, आणि तेवढ्यावर सण पुरा होई. ती मात्र धावडा गावची. तिच्या माहेरी दसऱ्याला न्याहारी झाली की वडील सगळ्या लेकरांना घेऊन शिवेवर जात, आणि नीलकंठ दिसल्यावाचून कुणी घरी परतत नसे. संस्कृत ग्रंथांत ज्याला चाष म्हटले आहे तोच हा पक्षी. तिकडचे लोक त्याला तास म्हणतात. बसलेला असताना तो अगदी सामान्य दिसतो. पारव्याएवढा, मातकट, थोडा जडच. ज्याला ठाऊक नाही तो त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहणार नाही. उडाला की मात्र पंखांतून निळाई उघडते, आणि पुन्हा बसला की मिटते.

दर्शनाचे नियमही तिच्या माहेरचेच होते आणि ते तिने कधी सैल केले नाहीत. पक्ष्याकडे बोट दाखवायचे नाही. खडा मारून किंवा टाळी वाजवून त्याला उडवायचे नाही. त्याला दर्शन द्यायचे असेल तेव्हा तो देईल. ज्याला तो प्रथम दिसेल त्याने नुसते हात जोडायचे, आणि बाकीच्यांनी त्या जोडलेल्या हातांच्या रोखाने पाहायचे. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला आम्ही गावाबाहेर गेलो. मी पाठशाळेतून नुकताच बाहेर पडलो होतो. चाष कोणत्या बाजूने गेला असता काय फळ मिळते, हे मला पाठ होते. चाष मात्र मी ओळखत नव्हतो. एका विहिरीच्या काठावर तिने एकाएकी हात जोडले, आणि मी तिच्या हातांकडेच पाहत राहिलो. नव्या चुड्याचे हात होते ते. तिने मला कोपराने ढोसले आणि पुटपुटली, "हात काय बघता? पुढं बघा."

त्यानंतर आमचा एकही दसरा नीलकंठावाचून गेला नाही. कधी एसटीच्या खिडकीतून, कधी स्कूटरवरून, पुढे मुलाने गाडी घेतल्यावर गाडीतून, तो कुठे ना कुठे दिसत गेला. बहुतेक वेळा हात तिचेच आधी जोडले जात. माझे डोळे अक्षरांना सरावलेले होते, तिचे रानाला.

तिच्या डोळ्यांत काचबिंदू झाल्याचे कळले ते देवघरात. समईत तेल घालताना धार डावीकडे बाहेर पडू लागली. तिला वाटले हात थरथरतो, मला वाटले वय झाले. ताटातली डाव्या बाजूची चटणी, मीठ, लिंबाची फोड तशीच राहू लागली, तेव्हा सुनेच्या लक्षात आले. जालन्याच्या डॉक्टरांनी यंत्रावर हनुवटी टेकवून पुष्कळ वेळ तपासले आणि मग सांगितले, दृष्टी बाजूंनी मिटत येते आहे. गेलेले परत येणार नाही, उरलेले जपायचे. डावीकडचे जवळजवळ सर्व गेले होते. समोरचे उरले होते, तेही नळीतून पाहावे एवढेच. रोज सायंकाळी सांजवात झाल्यावर मी तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालू लागलो. ती मान वर करून डोळे उघडे ठेवी आणि मी मनात इष्टदेवतेचे नाव घेऊन थेंब सोडी. थेंब पडला की तिच्या पापण्या मिटत, आणि त्या उघडेपर्यंत मी बाटलीचे झाकण लावत नसे.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याची ही गोष्ट आहे. आठवडाभर आधीच ती म्हणाली होती, "ह्या वर्षी मला तास नीट बघायचाय. पुढच्या वर्षीचं काही सांगता येत न्हाई." एवढे बोलून ती निवडत असलेल्या तांदळांकडे वळली. ते ती आता हातानेच निवडत असे.

त्या दिवशी जालन्यातल्या मस्तगड भागातल्या आमच्या घरून आम्ही पहाटेच निघालो. आधी पिंपळगावला रेणुकाईचे दर्शन घ्यायचे, आणि परतताना वाटेत नीलकंठ पाहायचा, असे ठरले होते. मुलगा गाडी चालवत होता. गाडीच्या तोंडावर झेंडूची माळ होती. देवळात गर्दी मोठी होती. गाभाऱ्यात अंधार, वर समयांचा धूर, मागून लोकांचा रेटा. ती देवीसमोर उभी राहिली, मान हळूहळू फिरवत राहिली, आणि तेवढ्यात मागची बाई म्हणाली, "चला आजी, पुढं व्हा, बाकीच्यांना बी बघू द्या." बाहेर पायऱ्यांवर आल्यावर तिने मला सांगितले, "शेंदूर दिसला. मुख न्हाई दिसलं."

मी म्हणालो, "देवीने तुला पाहिले ना? दर्शन दोन्ही बाजूंनी असते. आपण देवाला पाहावे, त्याहून त्याने आपल्याला पाहावे हे मोठे."

हे मी अनेकांना सांगत आलो आहे. अंध, पांगळे, देवळाच्या दारापर्यंत पोहोचू न शकणारे, अशा पुष्कळांना या वाक्याने धीर आल्याचे मी पाहिले आहे. प्रसादाचा नारळ तिने पदरात घेतला आणि पायऱ्या उतरण्यासाठी माझा हात धरला.

भोकरदन मागे टाकून आम्ही राजूरच्या वाटेला लागलो, तोवर ऊन चढले होते. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढलेली रिकामी वावरे, मधूनमधून मका, आणि कपाशी. रस्ता रुंद झाला आहे. पूर्वी या रस्त्यावर कडुलिंबाची आणि चिंचेची रांग होती. तिथे आता नव्या मातीचा भराव आहे. मुलाने आरशातून आईकडे पाहिले आणि एका हाताने आपला फोन मागे दिला. "आई, हे बघ, सकाळीच कुणीतरी पाठवलाय. दसऱ्याच्या शुभेच्छा आणि नीलकंठ."

तिने फोन अगदी डोळ्यांशी नेला. "हा दिसतो," ती म्हणाली. "चांगला दिसतो. पण हा तर कुणालाही दिसतो रे. ह्यो कुठं माझ्यासाठी येऊन बसलाय?" थोड्या वेळाने तिने खिडकीच्या काचेला हात लावला. "ह्या अंगाला लाइटीच्या तारा हायेत का? तास तिथंच बसतो."

"आहेत," मी म्हणालो.

"मंग थांबव गाडी."

आम्ही उतरलो. ती माझा दंड धरून उभी राहिली आणि पाहू लागली. तिचे पाहणे मी त्या दिवशी प्रथमच इतक्या जवळून पाहिले. एका खांबापासून ती आरंभ करी आणि तारेवरून नजर सरकवत दुसऱ्या खांबापर्यंत जाई, एखादी जीर्ण पोथी वाचताना आपण ओळीखाली बोट सरकवतो तसे. मध्येच एखादे वाहन गेले, वाऱ्याने पदर उडाला, की ओळ तुटे आणि ती पुन्हा पहिल्या खांबाकडे येई.

एक शेतकरी मोटारसायकलवरून चालला होता. आम्हाला पाहून तो थांबला. "काय हारपलं का बाबा?"

"काही नाही. नीलकंठ पाहतो आहोत. तास."

"तास व्हय? मंग फोनात बघा की. सकाळधरनं माझ्या फोनात धा-बारा येऊन बसलेत. एक तर पंख बी हालवून राह्यला."

"जागच्या जागीच हालवतो ना?" पत्नी म्हणाली. "उडत तर न्हाई."

"उडू नका देऊ आजी. उडाला तर माझा रिचार्ज बी घेऊन जाईन." तो आपल्याच बोलण्यावर हसला, ती हसली. मग त्याने रस्त्याच्या पलीकडे मान हलवली. "पहिलं लई होते. हितं चिंच व्हती ना, तिच्यावरच असायचे. चिंच रस्त्यात गेली, मंग ते बी कुठं गेले कुणास ठाऊक. आत माझं वावर हाये, तिथून पाण्याच्या मोटारीची लाइन गेलीय. बघा, असला तर असंन. बांधावरून जा. कपाशीला कालच फवारा मारलाय, तेवढा हात लावू नका." आणि ट्रॅक्टरची पूजा राहिली आहे, जल्दी आहे, असे म्हणत तो निघून गेला.

बांध अरुंद होता. मी पुढे, ती माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे, तिच्यामागे मुलगा. सोयाबीनच्या ढिगाशेजारी एक पाण्याची रिकामी टाकी पडली होती, तिच्या सावलीत आम्ही तिला बसवले. समोर कपाशी, तिच्यावरून गेलेली तार, आणि दूर तुरीचे हिरवे पट्टे. रानात फवाऱ्याचा उग्र वास होता. आम्ही थांबलो.

तारेवर पक्षी येत होते. प्रत्येक वेळी ती विचारी, "कोण हाये?"

"कोतवाल."

काही वेळाने पुन्हा, "आता?"

"राघू आहेत. दोन-तीन."

"सगळी चिल्लर आली," ती म्हणाली, "मालकाचाच पत्ता न्हाई."

मुलाने घड्याळ पाहिले नाही, याचे मला बरे वाटले. दुकानाची पूजा त्याच्यासाठी खोळंबली होती आणि घरून दोनदा फोन आला होता. दोन्ही वेळा तो बाजूला जाऊन हळू आवाजात बोलून आला. ऊन टाकीच्या सावलीत शिरू लागले तसे आम्ही तिला थोडे सरकवले. माझे ओठ नकळत हलत होते. देवाकडे मी आयुष्यात फारसे काही मागितलेले नाही. मागणे आमच्या गुरुजींना आवडत नसे. त्या दिवशी मात्र मी एका पक्ष्यासाठी मागत होतो.

आणि तो आला. कुठून आला ते दिसले नाही. खांबाला ओढून धरणाऱ्या तिरक्या ताण्यावर, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, तो मातीच्या गोळ्यासारखा बसलेला होता. मी उठलो आणि हात जोडले.

ती हालचाल तिला जाणवली. ती धडपडत उभी राहिली. माझ्या हातांचा रोख तिला दिसेना, म्हणून तिने आपले दोन्ही तळवे माझ्या जोडलेल्या हातांवर ठेवले आणि बोटांनी ते चाचपले. मग त्या रेषेत तिने आपला चेहरा वळवला.

"बसलाय?" तिने कुजबुजत विचारले.

"हो."

"तारेवर?"

"नाही. खाली, ताण्यावर."

तिची नजर खांब शोधत गेली, खांबावरून खाली उतरली, ताण्यापाशी आली असे मला वाटले, आणि पुढे निघून गेली. पुन्हा खांबापासून तिने सुरुवात केली. "माती अन् तो एकच दिसायलाय मला," ती म्हणाली. "उडू द्या. उडाला की दिसंन."

आम्ही तिघे उभे राहिलो. पक्षी मान इकडून तिकडे फिरवत बसून होता. मुलाने खाली वाकून एक ढेकूळ उचलले आणि माझ्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत प्रश्न होता, आणि खरे सांगायचे तर माझ्या मनात होकार होता. तिला काही दिसले नसेल. पण कान तिचे शाबूत होते. "कुणी काही मारायचं न्हाई," ती म्हणाली. मुलाने ढेकूळ हळूच खाली ठेवले.

नीलकंठ उडाला तो आपल्या इच्छेने. ताण्यावरून तो कपाशीच्या ओळींत झेपावला, कसलासा नाकतोडा चोचीत धरून वर उठला आणि आमच्या अगदी जवळून, पंख पूर्ण उघडून गेला. उजवीकडून आला असता, समोर घिरटी घातली असती, तर तिच्या उरलेल्या नळीत तो क्षणभर सापडला असता. तो डावीकडे गेला. "आई, डावीकडं, डावीकडं," मुलगा म्हणाला, आणि तिने चेहरा वळवला. परंतु पंखांपुढे मानेची गती ती किती? तिचा चेहरा त्या दिशेला पोहोचला तेव्हा तिथे तुरीचे पीक वाऱ्याने हलत होते.

"गेला का?"

"गेला," मी म्हणालो.

ती तशीच त्या तुरीकडे पाहत राहिली. मला काहीतरी बोलणे भाग होते. मी म्हणालो, "डाव्या बाजूने गेला. डावा चाष हा सर्व शकुनांत श्रेष्ठ मानला आहे. आणि तू उभी होतीस त्याच्यासमोर. तुला नाही दिसला, तरी त्याने तुला पाहिले."

"मला बघून त्याला काय करायचंय हो?" ती म्हणाली. "मला तो बघायचा होता."

तिच्या स्वरात राग नव्हता. भाजीत मीठ कमी आहे असे सांगावे तसे तिने ते सांगितले. सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर ती गप्प का राहिली होती, ते मला त्या बांधावर कळले. दुःखी माणसाला द्यायची पुष्कळ उत्तरे मी शिकलो आहे आणि ती सर्व खरी आहेत, अशी माझी आजही श्रद्धा आहे. पण ती ज्याला द्यायची तो माणूस आजवर नेहमी दुसऱ्या घरचा होता.

आम्ही परत निघालो. माझ्या खांद्यावर तिचा हात होता. थोडे चालल्यावर मागून तिने विचारले, "कसा होता?"

"निळा. इंद्रनीलासारखा, आणि कडेला..."

"तसलं नको. इंद्रनील मी कुठं बघितलाय? साधं सांगा."

निळ्या रंगाला आमच्या कोशांत किती शब्द आहेत. पाठशाळेत ते घोकून म्हणताना मी कधी अडखळत नसे. बांध संपून रस्ता आला, गाडी दिसू लागली, तरी मला तिच्याजोगा एकही शब्द सापडेना. मग मी नेसलेल्या धोतराकडे माझे लक्ष गेले.

"तू माझ्या धोतरांना नीळ देतेस ना," मी म्हणालो, "बादलीत पाणी स्थिर असते आणि तू बाटलीतून थेंब सोडतेस. हाताने हलवायच्या आधी ती नीळ पाण्यात उघडत जाते. मध्ये गडद, कडेला फिकट. तसा होता."

ती जागच्या जागी थांबली. "हलवायच्या आधी?"

"हो. आधी."

"हां," ती म्हणाली. मला वाटले, पोहोचले. लग्नापासून आजपर्यंत माझे प्रत्येक धोतर तिच्या हातून नीळ घेऊन दोरीवर गेले आहे. घरात धुण्याचे यंत्र आल्यावरही तेवढे काम तिने सोडले नाही. पण तिने पदर डोळ्यांना लावला. "ते बी आता दिसत न्हाई," ती म्हणाली. "मागच्या दिवाळीपासून अंदाजानंच देऊन राह्यले मी. तुम्हाला सांगितलं न्हाई."

मुलाने गाडीचे दार उघडून धरले होते. तिला बसवून त्याने पट्टा लावला, आणि बराच वेळ त्याने गाडी सुरू केली नाही. सायंकाळी शेजारचे लोक सोने द्यायला आले तेव्हा कुणीतरी नेहमीप्रमाणे विचारले, "काकू, दिसला का तास?" तिने आपट्याचे पान विचारणाऱ्याच्या हातात चाचपून ठेवले आणि म्हणाली, "ह्यांना दिसला."

या वर्षभरात समोरची नळीही बारीक होत गेली. आता तिला खिडकी आणि भिंत एवढा भेद कळतो. थेंब मी अजून घालतो. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेले नाही, आणि ती सायंकाळी मान वर करून बसतेच. धोतरांना नीळही तीच देते. सून एकदा मला एकट्याला गाठून म्हणाली, "बाबा, डाग पडायलेत. आईंना कळू न देता मीच धुऊन टाकत जाऊ का?" मी नको म्हणालो.

परवाच्या दसऱ्याला नेसायला काढलेल्या धोतराच्या पुढच्या भागावर असाच एक निळा ओघळ होता, मध्ये गडद, कडेला विरत गेलेला. ती दाराला धरून उभी होती. "नीळ जास्त तर न्हाई ना झाली?" तिने विचारले.

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे."

रेणुकाईचे दर्शन घेऊन आम्ही त्याच वाटेने परतलो. त्या वावरापाशी मुलाने न सांगता गाडीचा वेग कमी केला. ती आवाजावरून ओळखते. "चल रे," ती म्हणाली, "पूजा राह्यल्यात घरी." गाडी पुढे निघाली. मी डावीकडची तार संपेपर्यंत पाहत होतो. तारेवर कोतवाल होते. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता, नेमका त्या ओघळावर, आणि ती सवयीने कापड चिमटीत धरून पाहत होती, नीट वाळले आहे की नाही.